उमरडोहची एक्केचाळीस वावरं

१

दागिना चोरीला जातो, बैलजोडी जाते, फार झालं तर कचेरीतली फाइल जाते. पण आख्खं गाव चोरीला गेल्याची तक्रार समता सरदारनं बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली, आणि तीही गुरुवारी सकाळी, हातातला चहा निम्माही संपलेला नसताना.

तक्रार घेऊन आली होती जनकाबाई. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात उमरडोह म्हणून गाव आहे, तिथली. सहाच्या एसटीनं निघाली होती. तिनं दारात चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"नकाशावाल्या बाई तुमीच का?"

"हो, मीच."

"मंग आमचं गाव कुठी नेलं?"

त्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीनं जिल्हाभर उच्छाद मांडला होता. बीटी कपाशीला अळी लागत नाही, या भरवशावर लोकांनी कितीतरी हंगाम काढले. आणि आता वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर आत अळी आणि कुजलेली सरकी. नुकसान कुठं किती झालं हे मांडायचं काम बुलडाण्यातल्या 'शिवार नोंद' नावाच्या छोट्या संस्थेनं हाती घेतलं. संस्थेची पोरं-पोरी वावरात जाऊन फोनवर फॉर्म भरायची आणि प्रत्येक फॉर्ममागे नकाशावर एक लाल ठिपका उमटायचा. सोमवारी त्या नकाशावरून तालुका समितीसाठी यादी निघणार होती. यादीत गाव असेल तिथं भरपाईसाठी पाहणी पथक जाणार, नसेल तिथं नाही. इतकं सरळ.

हा नकाशा चालवणारा सर्व्हर समतानं उभा केला होता. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला प्रोग्राम, ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा असा. फुकट म्हणजे बिघडला की विचारायला कंपनी नाही, आपलंच डोकं आपण फोडायचं. समतानं एका जुन्या संगणकावर तो बसवला, आठ महिने सांभाळला, आणि खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत ती माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलली.

तिनं नकाशा उघडला. उमरडोहच्या पूर्वेचं गाव लाल. पश्चिमेचं लाल. मधलं उमरडोह पांढरं, स्वच्छ. जणू तिथं कोणी कपाशी लावलीच नव्हती.

"जामोदच्या उकंडरावाच्या दुकानात पाह्यलं म्या," जनकाबाई म्हणाली. "बियाण्याचं दुकान हाये त्याचं. त्यानं कम्प्युटरवर दाखोलं. म्हने, तुमचं गावच नाही. बाई, माही पऱ्हाटी अजून उभी हाये. पथकाले दाखवाले ठेवली. गहू पेराचा राह्यला. सांगा, उपटून टाकू का?"

उपटलेल्या कपाशीत कोण काय पाहणार? एकदा वावर मोकळं झालं की अळी होती हे सांगायला जनकाबाईच्या शब्दाखेरीज काही उरणार नव्हतं.

"उपटू नका, मावशी," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबा. तुमचं गाव मी शोधून देते."

बोलून तर बसली. कसं शोधणार होती, देव जाणे.

२

समता खोलीवर एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्यानंतर घरात तिच्याशी बोलणारा एक कुकर तेवढा उरला. ऑफिसातही तिची खोली सगळ्यात मागे, सर्व्हरची. सर्व्हर बंद पडला की लोकांना तिची आठवण यायची. चालू असला की नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं. वाटत नाही असं ती सांगायची, पण वाटायचं.

तिनं दार लोटलं आणि कामाला लागली.

पहिला संशय नेहमीचा. सर्व्हर कामाचा आळशी असतो. एकदा काढलेल्या नकाशाचे तुकडे साठवून ठेवतो आणि मागेल त्याला तेच शिळे तुकडे वाढतो. तिनं सगळे पुसले, नकाशा नव्यानं काढायला लावला. उमरडोह पांढरंच.

मग तिनं फॉर्म जिथं साठतात तो तक्ता उघडला. कोणीतरी पुसले असतील तर इथं खड्डा दिसणार. तिनं उमरडोहचे फॉर्म मोजले. एक्केचाळीस. पुन्हा मोजले. एक्केचाळीसच! नावं आहेत, फोटो आहेत, भरणारीचं नाव आहे: गुलनाज.

म्हणजे तिजोरीत माल जसाच्या तसा, आणि गाव म्हणतंय चोरी झाली. हे काय गौडबंगाल?

माल आहे पण दिसत नाही, तर मग दाखवण्यात खोट. समतानं सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण कधी आत शिरलं, कशाला हात लावला, हे सर्व्हर इमानेइतबारे लिहून ठेवतो. पान सरकवता सरकवता तिचं बोट थांबलं. गेल्या रविवारी दुपारी बाराला आठ मिनिटं कमी असताना कोणीतरी लाल ठिपक्यांचे नियम बदलले होते. कोणते ठिपके काढायचे आणि कोणते नाही, ते सांगणारे नियम.

नाव होतं अकरमचं. आणि रविवारी ऑफिस बंद असतं.

३

अकरम ऑफिसातला ऑपरेटर. तिशीचा, हसरा, सगळ्यांचे फोन दुरुस्त करून देणारा. सर्व्हरची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. शुक्रवारी सकाळी समतानं त्याला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. दार लावलेलं पाहूनच त्याचं हसू गेलं.

"रविवारी इथं आला होतास?"

"हो, ताई. उकंडराव आले होते. तालुका समितीवर हायेत ना ते. नकाशा पाहाचा म्हने. म्या उघडून देल्लं, चहा पाजला."

"काय पाहिलं त्यांनी?"

अकरम जरा चुळबुळला. "उमरडोहच पाह्यलं. दोनदा इचारलं, या गावाचं काय हाये म्हनून."

समताच्या कानात घंटाच वाजली. उमरडोहला बियाणं विकणारा माणूस, तेच गाव विचारतो, आणि त्याच दिवशी गाव गायब होतं!

"आणि मग तू नियम बदललेस."

"म्या बदलले?" अकरमचा आवाज चढला. "ताई, तुमीच तं शनिवारी फोन केलता! म्हटलं होतं, रस्त्यावर, जंगलात पडेल ठिपके काढून टाक, साहेब लोकायले दाखवाले वाईट दिसते. नियम तुमीच लिवून ठेवला होता. म्या फक्त लावला. आता माह्यावरच येऊन राह्यल्या का?"

खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. कामाच्या गडबडीत तो फोन ती विसरूनच गेली होती. नियम तिचाच होता: सातबाऱ्यावरच्या कोणत्याही गट नंबराच्या हद्दीत न बसणारा ठिपका दाखवायचा नाही. संस्थेचे प्रमुख प्रसेनजित दाभाडे म्हणाले होते, नकाशा नीटनेटका पाहिजे. आणि नीटनेटकेपणाची हौस समताला आधीच होती.

"चिडू नको, बाबा," ती ओशाळून म्हणाली. "तुला नाही म्हणत मी."

उकंडरावांना तिनं फोन लावला. तिला वाटलं होतं माणूस टाळाटाळ करेल. तो तर तिच्यावरच उखडला.

"अहो, मी काऊन गाव काढीन? उमरडोहचे लोक रोज माह्या दुकानात येऊन शिव्या देतात. तू बियानं देल्लं, तूच पाहाय म्हनतात. मी का अळी विकली होती? पथक आलं, पाहून गेलं, तं माह्या जिवाची तेवढी सुटका. म्हनून तं पाहाले आलतो, गाव हाये का नाही! अन् जनकाबाईले बुलडान्याले कोनं धाडलं? म्याच!"

म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यावा, तोच गावासाठी खेटे घालत होता. हात्तिच्या!

फोन ठेवल्यावर समताला हायसं वाटायला हवं होतं. पण डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. नियम फक्त हद्दीबाहेरचे ठिपके लपवतो. आजूबाजूच्या गावांतले चार-दोन ठिपके गेले, बाकी राहिले. मग उमरडोहचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हद्दीबाहेर कसे?

तिनं नियम घटकाभर उठवला आणि उमरडोह मोठं करून पाहिलं. गावाच्या वर, जंगलाच्या काठाला, एक लाल ठिपका होता. एकच. तिनं अजून मोठं केलं. ठिपक्याच्या आत ठिपका, त्याच्या आत ठिपका. एक्केचाळीस वावरं पाच-सात पावलांच्या जागेत एकावर एक रचून ठेवलेली!

४

तिनं फॉर्म पोचल्याच्या वेळा काढल्या. सगळे एकाच दिवशी, संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान. मिनिटाला एक.

प्रसेनजित दाभाडे तिच्या मागे उभे राहून पाहत होते. वाईट माणूस नव्हे; पण संस्था छोटी, नाव कमवायला वर्षं लागलेली, आणि त्यांना सोमवारची धास्ती होती.

"ही पोरगी वावरात गेलीच नाही," ते म्हणाले. "एका जागी बसली आणि तासाभरात एक्केचाळीस फॉर्म ठोकले. खोटा सर्व्हे. सोमवारी कोणी हे पाहिलं तर बाकीच्या गावांवरही विश्वास राहणार नाही, समता. गाव काढून टाकावं लागेल. आणि पोरीलाही."

ठिपके तर तिच्या डोळ्यांसमोर होते.

गुलनाज देऊळघाटची, शिंपीकाम करणाऱ्या गुलाम रसूलची मुलगी. कॉलेज संपवून सहा महिन्यांपूर्वी लागलेली. उमरडोहच्या कामाला ती जामोदला खालाकडे, मावशीच्या घरी, राहिली होती. दुपारी तिला बोलावलं, पुढच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. समताला मागच्या खोलीत विचारायचं होतं. पण प्रसेनजित म्हणाले इथंच, आणि ती गप्प बसली.

"गुलनाज, तू वावरात गेली होतीस?"

"गेली होती, मॅडम."

"सगळ्या एक्केचाळीस वावरांत?"

"सगळ्या."

समतानं पडदा तिच्याकडे वळवला. "मग हे सगळं एका जागी कसं?"

गुलनाज वाकून पाहत राहिली. तिला कळेना. न कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण संशय घ्यायचा म्हटला की गोंधळही चोराचाच वाटतो.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "मी तं वावरात उभं राहूनच फॉर्म भरला. एकेक."

"बहाणे नकोत," प्रसेनजित म्हणाले.

त्या शब्दासरशी पोरीचं तोंड लाल झालं. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं, संस्थेचा फोन काढला आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. "तुमच्या नकाशानं सांगतलं, तुमी मानलं. आता मी काहीबी सांगतलं तं बहाणाच वाटन."

ती गेली. जाताना तिनं एकदा समताकडे पाहिलं. समतानं नजर पडद्याकडे वळवली, आणि वळवल्याची तिला तिथल्या तिथं लाज वाटली.

५

त्या दुपारी समता फोटो पाहत बसली. प्रत्येक फॉर्मसोबत फोडलेल्या बोंडाचा एक फोटो लागायचा. बाकीची पोरं बोंड जमिनीवर ठेवून फोटो काढत. गुलनाजची रीत निराळी होती. ती वावराच्या मालकाला बोंड तळहातावर धरायला लावायची.

समता एकामागून एक हात पाहत गेली. कोणाचं अर्धं बोट तुटलेलं, कोणाच्या हातावर नाव गोंदलेलं. एकावर लग्नातली मेंदी फिकी होत आलेली, एक म्हाताऱ्याचा, इतका कापरा की फोटोही हललेला. एक्केचाळीस फोटो, आणि एक हात दुसऱ्यासारखा नाही!

बसल्या जागी थापा मारणारी पोरगी एक्केचाळीस हात कुठून आणेल?

आणि फोटोच्या नावात फोन आपसूक वेळ घालतो. तिनं वेळा जुळवल्या. फोटो तीन दिवस काढलेले होते, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. फॉर्म मात्र पोचले तिसऱ्या संध्याकाळी, तासाभरात.

ती धावत प्रसेनजितकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हात तर गावच्या पारावर बसूनही गोळा होतात. ठिपका जंगलाच्या काठाला का, ते सांग. सोमवारी अकराच्या आत."

शनिवारी सकाळी समता सरदार, जिनं आठ महिन्यांत सर्व्हरची खोली सोडून कधी एक गाव पाहिलं नव्हतं, जळगाव जामोदच्या एसटीत बसली. जामोदहून ऑटो. उमरडोहच्या वळणावर फोनची रेंज गेली ती गेलीच.

जनकाबाई फाट्यावर उभी होती; उकंडरावानं निरोप धाडला होता. "आल्या का, बाई! गाव सापडलं?"

"अर्धं सापडलं, मावशी. ते वर जंगलाजवळ काय आहे? ती टेकडी?"

"ते होय! चला, दाखोतो."

टेकडी छोटीच, माथ्यावर सपाट खडक. वर पोचल्यावर समता थबकली. पाच-सहा माणसं खडकावर उभी होती, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, प्रत्येकाच्या कानाला फोन. एक म्हातारा सुरतेला कामाला गेलेल्या मुलाला, जेवतो का रे नीट, एवढंच पुन:पुन्हा विचारत होता. एक नवी सून माहेरी बोलता बोलता रडत होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"आख्ख्या गावात इथीच फोन लागते," जनकाबाई हळूच म्हणाली. "अन् इथी ऐकलं ते खाली न्यायचं नाही, असं ठरेल हाये आमच्या गावात. कोनी बोलाले आलं का आपन पाठ कराची."

समतानं पर्समधून फोन काढला. लगेच जवळची दोघं चार पावलं सरकली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. ती खुळ्यासारखी फोन हातात धरून राहिली. तिला कोणाला फोन करायचा नव्हता. करावा असं कोणी नव्हतंच. त्या परक्या माणसांनी तिच्यासाठी मोकळी करून दिलेली ती चार पावलांची जागा पाहून तिला एकाएकी रडू फुटलं, आणि कोणी वळून पाहिलं नाही.

"ती पोरगी इथी आली होती का, मावशी? गुलनाज?"

"म्हंजे काय! तीन दिवस वावरा-वावरानं हिंडली. माह्या घरी भाकर खाल्ली. फॉर्म जातच नोहता खालून, नुसतं चाक फिरे. मंग तिसऱ्या दिवशी आमीच तिले इथी आनलं. बसून सगळे धाडले तिनं."

समता खडकावर मटकन बसली.

६

आता तिला सगळं दिसलं, अगदी आरशासारखं.

फॉर्म तिनंच बनवला होता. भरताना जागा नोंदवली की जुने फोन अडकायचे, म्हणून तिनं जागा नोंदवायची ती 'पाठवा' दाबल्यावर, असं ठेवलं. बुलडाण्यात ऑफिसच्या अंगणात तपासून पाहिलं; झकास चाललं. चालणारच! तिथं भरणं आणि पाठवणं एकाच जागी, एकाच मिनिटात होत होतं. फॉर्म वावरात भरून टेकडीवरून पाठवणारं गाव जगात असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. गुलनाजला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. म्हणून तर बिचारी पडद्याकडे पाहत राहिली.

आणि टेकडीवरचा तो एक ठिपका निदान कोणाला तरी दिसला असता. तर तोही हिच्याच नीटनेटक्या नियमानं झाकून टाकला. गाव कोणी चोरलं नव्हतं. दोनदा हरवलं होतं, दोन्ही वेळा समता सरदारच्या हातून.

"काऊन, बाई? तब्येत बरी हाये ना?"

"चोर सापडला, मावशी," समता म्हणाली. "मीच."

जनकाबाईला ते काही कळलं नाही. तिला कळायचं होतं एवढंच: "मंग गाव येते का नाही?"

येत होतं. प्रत्येक फॉर्मवर गुलनाजनं शेताचा गट नंबर लिहिला होता. गटांचा नकाशा सर्व्हरवर होताच. नंबराला नंबर जुळवला की ठिपका आपापल्या वावरात जाऊन बसणार. समतानं बरोबर आणलेली यादी उघडली आणि एकेक नंबर पाहत गेली. चाळीस भरलेले. एक रकाना मोकळा.

नाव होतं जनकाबाईचं.

"मावशी, तुमचा गट नंबर?"

"माह्याजवळ कुठला?" जनकाबाई अगदी साधेपणानं म्हणाली. "गायरान हाये ते. सासऱ्यापासून वाहतो आमी, पन सातबारा नाही. म्हनून कोन्याच कागदात नसतो मी. त्या पोरीले म्या म्हटलं, माहं नको लिवू, तुले बोलनी बसन. तं म्हने, अळी का सातबारा पाहून येते? तिनंच लिवलं मले, पहिल्यांदा."

समता उठली. "चला. वावर दाखवा."

वावर टेकडीपासून दीड कोस. शेजारी कपाशी न लावलेल्या वावरांत गहू उगवून आला होता. मधे ही एवढीच पऱ्हाटी उभी, करपलेली, बोंडं काळी पडलेली. समता धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं चालत वावराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. रेंज नव्हती, पण जागा ओळखायला फोनला रेंज लागत नाही. ती आभाळातल्या उपग्रहांवरून कळते. तिनं अक्षांश-रेखांशाचे आकडे फोनवर वाचले आणि पेननं वहीत उतरवले, दोनदा ताडून. मग वहीचं ते पान घडी करून ब्लाउजच्या आत ठेवलं, फोनचा काय भरवसा म्हणून.

७

रविवारी दुपारपर्यंत चाळीस ठिपके आपापल्या गटात बसले. एक्केचाळिसावा तिनं हातानं मांडला आणि हद्दीबाहेरचे ठिपके झाकणारा नियम मुळापासून काढून टाकला. दिसू दे नकाशा वाईट.

मग ती देऊळघाटला गेली.

गुलाम रसूल मशीनवर बसले होते. त्यांनी पाय थांबवले नाहीत. त्यांची बायको नूरजहां पाणी घेऊन आली. गुलनाज आतच राहिली, पण दाराच्या पडद्यामागं तिची सावली होती. समतानं त्या पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं: टेकडी, 'पाठवा'चं बटण, नियम. काही लपवलं नाही.

मशीन थांबलं. "झालं तुमचं?" गुलाम रसूल म्हणाले. "बाई, इथं घरात सांगून काय फायदा? माझ्या पोरीवर डाग सगळ्यांसमोर लावला ना? मग सगळ्यांसमोरच धुवा. घरात आम्हाला माहीतच आहे ती कशी आहे."

"उद्या अकराला," समता म्हणाली. "तिला घेऊन या, चाचा."

सोमवारी हॉल भरला होता. तालुका समितीची माणसं, उकंडराव, अकरम, सगळी पोरंपोरी. शेवटच्या रांगेत गुलाम रसूल आणि गुलनाज. प्रसेनजितनी समताला बाजूला घेतलं होतं. "तांत्रिक दोष म्हणू या. सर्व्हरवर ढकल. तू स्वतःवर कशाला घेतेस?"

"सर्व्हरला सांगितलं तसंच त्यानं केलं, सर," समता म्हणाली आणि पुढं गेली.

आठ महिन्यांत ती त्या हॉलमध्ये कधी बोलली नव्हती. तिनं पडद्यावर आधी टेकडीवरचा एक ठिपका दाखवला, मग हात दाखवले, एकामागून एक. मग फोटोंच्या वेळा, मग टेकडी. शेवटी म्हणाली, "गुलनाज एक्केचाळीस वावरांत गेली होती. चुकीचा फॉर्म माझा, चुकीचा नियम माझा. आणि मी तिला विचारलं, तू गेली होतीस का. फॉर्म पाठवलास कुठून, एवढं विचारलं असतं तर शुक्रवारीच उलगडा झाला असता. ते मी विचारलं नाही. गुलनाज, मला माफ कर."

प्रसेनजित उठले, मागच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि ओळखपत्र व फोन गुलनाजपुढे धरला. "माझंही चुकलं, बेटा."

गुलनाजनं दोन्हींना हात लावला नाही. ती उठून सरळ पडद्याजवळ आली. "उमरडोह मोठं करा, मॅडम."

समतानं केलं. गुलनाज बोट ठेवून एकेक ठिपका मोजायला लागली, प्रत्येकाचं नाव घेत. तिला सगळी नावं पाठ होती. चाळीस झाले, आणि तिचं बोट गायरानावरच्या ठिपक्यापाशी थांबलं.

"हा कसा आला? जनकाबाईजवळ तं गट नंबरच नोहता."

"मी गेले होते. त्यांच्या वावरात उभी राहून आकडे लिहून आणले."

"तुमी? उमरडोहले?"

"हो. शनिवारी."

"कोनासंगं?"

"एकटीच."

गुलनाज तिच्याकडे वळली. तीन दिवस आवरून धरलेलं रडू तिच्या डोळ्यांत आलं, आणि रागही होता त्यात. "मले एक फोन कराचा होता ना, मॅडम," ती म्हणाली. "मी काय आली नसती? तुमच्यावर रागावून का होईना, संगं आली असती."

असा फोन करता येतो, हे समताला खरंच सुचलं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली, आणि भरल्या हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत तिचेही डोळे वाहायला लागले. या वेळी मात्र कोणी पाठ केली नाही.

प्रसेनजितनी यादी हातात घेतली आणि समितीला वाचून दाखवली. उमरडोहपाशी आल्यावर ते थांबले आणि गुलनाजकडे पाहिलं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "लिवा."